घरशाळेचं पहिलं वर्ष: बेळगाव सीमाभागातल्या मराठी घरांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातलं मराठी घरातलं मूल सहा वर्षांचं होईपर्यंत त्याच्या कानावरून तीन भाषा गेलेल्या असतात. घरात मराठी, बसमध्ये आणि बाजारात कन्नड, मोबाईलवर हिंदी किंवा इंग्रजी. अशा मुलाला घरीच शिकवायचं ठरवलं की पालक पहिल्यांदा पुस्तकांची यादी मागतात. पुस्तकं मिळतात, त्याची काळजी नको. पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त विचार करावा लागतो तो लिप्यांच्या क्रमाचा: आधी कोणती, नंतर कोणती, आणि दोहोंमध्ये किती महिने सोडायचे. तो क्रम बसला की बाकीचं मार्गी लागतं. पुढचं सगळं पाच ते आठ वर्षांच्या मुलांना धरून लिहिलं आहे.

आधी कायदा आणि कागद

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य असल्याचं त्याच्या कलम १० मध्ये म्हटलं आहे, मात्र न घालणाऱ्या पालकांना त्या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकवण्याला त्यात स्पष्ट परवानगी नाही आणि स्पष्ट मनाईही नाही. त्यामुळे व्यवहारात काय होतं, तर सर्वेक्षणाला आलेले शिक्षक तुमच्या मुलाची नोंद 'शाळाबाह्य' अशी करू शकतात आणि बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसातून विचारणा येऊ शकते. आली तर वाद घालू नका. मूल काय शिकतंय याची फाईल समोर ठेवा. ती कशी करायची ते पुढे येईल.

परत शाळेत जायचा रस्ता याच कायद्यात आहे. कलम ४ प्रमाणे कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या इयत्तेत प्रवेश मिळतो, आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष शिकवणीही मिळू शकते. घरूनच पुढे जायचं असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, म्हणजे एनआयओएस. तिथे मूलभूत शिक्षणाच्या तीन पातळ्या आहेत: अ म्हणजे तिसरी, ब म्हणजे पाचवी, क म्हणजे आठवी. दहावीच्या परीक्षेला वयाची किमान १४ वर्षं पूर्ण लागतात. पहिल्या वर्षी यातलं काहीच भरायचं नसतं, पण घरातल्या मोठ्यांनी "पुढे काय?" विचारलं तर उत्तर तयार असावं.

शाळेत जाणाऱ्या मुलाचे बरेच कागद शाळेच्या दाखल्यावर उभे असतात. तुमच्या मुलाला तो दाखला नाही, म्हणून जन्माचा दाखला चोख लागतो. त्यावर मुलाचं नाव आहे का बघा. जन्मानंतर नाव घालायचं राहून जाणं फार नेहमीचं आहे. ते नंतरही घालता येतं, पण मूल १५ वर्षांचं होण्याच्या आत. आडनावाचं स्पेलिंग दाखला, आधार आणि रेशनकार्ड या तिन्हींवर सारखं असावं, कन्नडमध्ये लिहिलेलं नावसुद्धा कोणाकडून तरी वाचून घ्यावं. मूल पाच वर्षांचं झालं की आधारवर बोटांचे ठसे द्यायचे असतात, तेही याच वर्षी उरका.

दोन गोष्टी हमखास राहतात, कारण एरवी शाळा आठवण करते. एक, पाच ते सहा वर्षांच्या मधला डीपीटी लशीचा बूस्टर डोस. तो प्राथमिक आरोग्य केंद्रात घ्यायचा. दुसरी जंताची गोळी. ती अंगणवाडीतून शाळेत न जाणाऱ्या मुलांनाही देतात. दोन्ही तारखा कॅलेंडरवर लिहून टाका.

पहिले सहा आठवडे

जूनमध्ये आजूबाजूची मुलं दप्तर घेऊन निघतात आणि घरात घाई सुरू होते. मग सकाळी नऊ ते बारा पाटासमोर बसवणं, वेळापत्रक भिंतीवर, घंटासुद्धा. हे दहा-बारा दिवस चालतं आणि मग रडारड होते. सहा वर्षांच्या मुलाला एकास एक शिकवताना दिवसाला ४५ मिनिटं ते एक तास पुरतो, तोही पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत. सात-आठ वर्षांच्याला दीड ते दोन तास. पाचच्या आतल्याला बसवून काहीही शिकवायचं नाही. वर्गातले पाच तास चाळीस मुलांत वाटले जातात, हे डोक्यात पक्कं ठेवा म्हणजे "एवढंच?" अशी टोचणी लागणार नाही.

या सहा आठवड्यांत फक्त तीन सवयी बसवा. रोज एकाच वेळी, एकाच जागी बसणं. चहा-भाकरी झाल्यावरची वेळ बहुतेक घरांत जमते. रोज वीस मिनिटं मोठ्यांनी गोष्ट वाचून दाखवणं. आणि घरातलं एक काम पूर्णपणे मुलाकडे: शेंगा सोलणं, ताटं मांडणं, कोंबड्यांना दाणे. अक्षरं तिसऱ्या आठवड्यापासून.

शिकवणारा माणूस एकच असावा. आई मराठी आणि बाबा गणित अशी वाटणी चालते, पण एकाच विषयाला दोघं नकोत. "बाबांनी असं नाही सांगितलं" इथे अर्धा तास जातो. आजी-आजोबांकडे गोष्टी, ओव्या आणि पाढे द्या. अक्षरओळख देऊ नका, कारण त्यांना 'अ अननसाचा' पासून 'ज्ञ' पर्यंत सरळ म्हणवून घ्यायची सवय असते, आणि आपल्याला तेच टाळायचं आहे.

मराठी वाचन: क्रम बदला

वर्णमालेच्या क्रमाने शिकलेलं मूल तीन महिन्यांनी सगळी अक्षरं म्हणतं आणि 'बदक' वाचू शकत नाही. म्हणून ज्यांचे लगेच शब्द होतात ती अक्षरं आधी घ्या, आठवड्याला चार.

पहिल्या आठवड्यात घ, र, ब, क. चारच अक्षरं, पण त्यात घर, बघ, कर, आणि शुक्रवारपर्यंत "घर बघ" हे आख्खं वाक्य. ते वाक्य आपण स्वतः वाचलं हे कळल्यावर मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. पुढच्या महिन्याभराचं इंधन त्यातून मिळतं. दुसऱ्या आठवड्यात म, ळ, न, ग: कमळ, नळ, मगर, गरम, नगर. तिसऱ्या आठवड्यात नवी अक्षरं थांबवून काना द्या, म्हणजे काका, मामा, बाबा, काम, माळ, नारळ सगळं खुलं होतं. मग पुन्हा अक्षरं.

कार्डं विकत आणू नका. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद ८ बाय ६ सेंटिमीटरचा कापा, जाड पेनाने एकेक अक्षर काढा, आणि प्रत्येक कार्डाचा वरचा उजवा कोपरा तिरका छाटा. कार्ड उलटं धरलं की मुलाला कोपऱ्यावरून कळतं, तुम्हाला टोकावं लागत नाही. मात्रांची कार्डं वेगळ्या रंगात करा.

घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ट आणि ठ या जोड्या एकाच महिन्यात आणू नका. एक पक्कं झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी दुसरं. एकत्र दिले की मूल गोंधळ पाठ करतं, आणि तो गोंधळ वर्षभर निघत नाही.

मात्रांमध्येही क्रम आहे. कान्यानंतर दीर्घ वेलांटी घ्या: मी, ती, काकी, पाणी. ऱ्हस्व वेलांटी बरीच नंतर, कारण ती अक्षराच्या आधी लिहितात आणि उच्चार मात्र नंतर होतो. डावीकडून उजवीकडे वाचायला नुकतंच शिकलेल्या मुलाला हे उलटं जातं. 'किती' वाचताना ते आधी 'इ' म्हणतं तेव्हा चुकलेलं नसतं, जे दिसतं तेच वाचत असतं. त्यानंतर उकार, मग एक मात्रा, दोन मात्रा, काना-मात्रा, शेवटी अनुस्वार. या वेगाने दिवाळीच्या आसपास बिनजोडाक्षरी मजकूर हाती येतो. जोडाक्षरं दिवाळीनंतर: आधी अक्का, अण्णा, पक्का अशी दुहेरी, मग स्त, न्य सारखी, आणि र ची चार रूपं सगळ्यांत शेवटी.

बाराखडी म्हणायला हरकत नाही, पण ती गाणं म्हणून पाठ होते. खरोखर येते का ते तपासायला कागदावर 'मो, कु, ळी, ने' असं उलटसुलट लिहून द्या. चारात तीन आले की पुढे. ऱ्हस्व-दीर्घाच्या लेखनचुका पहिल्या वर्षी दुरुस्त करायच्या नाहीत. 'पाणि' लिहिलं तर शेजारी आपण 'पाणी' लिहून ठेवावं, बस्स.

लेखन वाचनाच्या मागून चालू द्या, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने. आधी ताटात बोटभर रवा पसरून त्यात बोटाने, मग पाटीवर, मग दुरेघी वहीत. पाच ओळी नीट, यापेक्षा जास्त नको. पेन्सिल घट्ट धरून बोटं पांढरी पडत असतील तर वही महिनाभर बंद करा, कणीक मळायला द्या.

पुस्तकं म्हणाल तर बालभारतीची पहिली-दुसरीची पुस्तकं इंटरनेटवरून फुकट उतरवून घेता येतात. कर्नाटक सरकारची मराठी माध्यमाची पुस्तकंही तशीच मिळतात. शाळेत परत जायची शक्यता असेल तर कर्नाटकची हाताशी ठेवा. एकावेळी एकच मालिका धरा.

कन्नड: आधी कान, मग डोळे

कर्नाटकात २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्यामुळे कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शाळांत सक्तीची आहे, आणि २०१७-१८ पासून ते पहिलीपासून चढत्या इयत्तांना लागू झालं. याच राज्यात पुन्हा शाळेत जायचं असेल तर कन्नड टाळून चालणार नाही. आणि न जायचं असलं तरी ज्या गावात राहायचं तिथली भाषा मुलाला नीट यावी, ते त्याच्या हक्काचं आहे. मराठीचं प्रेम त्याने पातळ होत नाही.

जून ते दिवाळी कन्नड फक्त कानाने. दिवसाला दहा-पंधरा मिनिटं, किंवा त्याहून चांगलं म्हणजे आठवड्यातून तीनदा अर्धा तास एखाद्या कन्नड शेजारणीच्या घरी. बेळगावात अडचण एकच: समोरचं मूल मराठी आहे कळलं की शेजारीण लगेच मराठीत बोलते. तिला आधीच सांगून ठेवा की चुकलं तरी मराठीत सांगायचं नाही, हाताने दाखवायचं. 'नीरु कोडि' (पाणी द्या), 'एष्टु' (किती), 'हेसरु एनु' (नाव काय) एवढ्या वाक्यांनी सुरुवात होते. इकडची बोली आणि पुस्तकातली कन्नड वेगळी असते. 'हो' म्हणायला अंगणात 'हौद्री' ऐकलेलं मूल पुस्तकात 'हौदु' बघतं. दोन्ही बरोबर आहेत, एक बोलायचं आणि एक लिहायचं, असं सरळ सांगा. तूप आणि तुप्प, कोथिंबीर आणि कोत्तंबरी असे जोड शब्द मुलांना फार आवडतात. स्वयंपाकघरात बसून त्यांची यादी वाढवा.

लिपी संक्रांतीनंतर. आणि तीही मराठी बिनअडखळत वाचता येत असेल तरच. नसेल तर मार्चपर्यंत थांबा. दोन्ही लिप्या एकदम सुरू केल्या की मूल मराठीतल्या मात्रा आणि कन्नडमधल्या खुणा एकमेकांत मिसळतं. एक पक्की असली की दुसरी झपाट्याने येते, कारण वर्णमालेचा क्रम तोच, बाराखडीचं तत्त्वही तेच. कन्नडमध्ये तिला कागुणित म्हणतात.

पहिले शब्द बिनमात्रांचे घ्या: मर म्हणजे झाड, हण म्हणजे पैसे, दन म्हणजे गुरंढोरं. इथेच मराठी मुलाची पहिली मोठी चूक होते. मराठीत आपण 'घर' लिहितो आणि शेवटचा र तोडून म्हणतो. कन्नडमध्ये शेवटच्या अक्षरातला 'अ' पूर्ण म्हणायचा असतो, 'मरऽ'. मूल 'मर्' वाचतं आणि शब्द त्याला ओळखू येत नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येक शब्दाच्या शेवटी टाळी वाजवून तो 'अ' म्हणायला लावा.

दुसरी अडचण ए आणि ओ ची. कन्नडमध्ये दोन्ही ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही, खुणाही वेगळ्या. 'एळु' म्हणजे सात, यातला ए लांब. 'एळ्ळु' म्हणजे तीळ, यातला आखूड. 'ओडु' लांब म्हटलं तर पळ, 'ओडे' आखूड म्हटलं तर फोड. आपल्या कानाला हा फरक सहज ऐकू येत नाही, म्हणून पालकांनी स्वतः उच्चार शिकवण्याऐवजी शेजारणीकडून करून घ्यावा. तिसरी गोष्ट जोडाक्षराची: मराठीत पहिलं व्यंजन अर्धं होतं, कन्नडमध्ये पहिलं पूर्ण राहून दुसरं त्याच्या खाली लटकतं. त्याला ओत्तक्षर म्हणतात.

वाचनाचा सराव रस्त्यावर भरपूर आहे. राज्याच्या कन्नड भाषेच्या कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीपासून दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड लागते. बसच्या पाट्या तर उत्तमच, कारण गावांची नावं मुलाला आधीच माहीत असतात: गोकाक, खानापुर, बेळगावि सोपी; निप्पाणि, चिक्कोडि ओत्तक्षराची. स्टँडवर वीस मिनिटं उभं राहून पाच पाट्या वाचल्या की त्या दिवसाचं कन्नड झालं.

गणित आणि 'एकोण'ची खोड

दहापर्यंत चिंचोके मोजा, तीन आठवडे, वही न उघडता. मग काड्यापेटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून करा. दहा गठ्ठे आणि वीस सुट्या काड्या, एवढ्या सामानावर वर्ष निघतं. पहिलीअखेर ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणं हे निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट आहे, तेच धरा.

वीसच्या पुढे मराठी मूल अडतं, आणि दोष मुलाचा नसतो. 'तेवीस' म्हणताना तीन आधी ऐकू येतात, लिहिताना दोन आधी. म्हणून ते ३२ लिहितं. 'एकोणतीस'मध्ये तीस ऐकू येतं म्हणून ३९ लिहितं. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन' अशी वाचनपद्धत आणली तेव्हा त्यावर बराच वाद झाला, पण अडचण खरी आहे. सीमाभागातल्या मुलाकडे तिच्यावरचा इलाज घरबसल्या आहे. कन्नडमध्ये २३ म्हणजे इप्पत्तमूरु, वीस-तीन. २९ म्हणजे इप्पत्तोंबत्तु, वीस-नऊ. जसं म्हणतात तसंच लिहितात. गठ्ठे मांडून आधी कन्नडमध्ये मोजा, अंक लिहा, मग त्याचं मराठी नाव सांगा. २९, ३९, ४९ या 'एकोण'वाल्या संख्यांसाठी तीस काड्या मांडून त्यातली एक उचलून घ्या: तीसला एक उणा, एकोणतीस. असं हाताने आठ-दहा वेळा केल्यावर ते नाव मुलाला अर्थासकट कळतं.

बेरीज नोव्हेंबरपासून, वजाबाकी जानेवारीपासून. शनिवारच्या भाजीबाजारात दहाची नोट मुलाच्या हातात द्या आणि सुटे परत घ्यायचं काम त्याचं.

पावसाळा, सुगी आणि बाहेरचं शिक्षण

जून ते सप्टेंबर खानापूरकडे पाऊस इतका असतो की घरात बसावंच लागतं. वाचनाचं मोठं काम याच काळात करा. सोबत पर्जन्यमापक: सरळ बाजूंची, वळ्या नसलेली एक लिटरची बाटली घ्या. खांद्याखाली कापा, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. तळाशी खडे घाला, आणि बाजू सरळ होतात तिथपर्यंत पाणी ओतून तिथे शून्याची रेघ मारा. तळ खोलगट असतो, म्हणून हे पाणी लागतंच. बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवा. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, हवामान खातंही याच वेळी वाचतं, आणि पाणी शून्यापर्यंत ओतून टाकायचं. पागोळ्यांखाली किंवा झाडाखाली ठेवलं तर आकडे खोटे येतात. चौकटी वहीत रोज एक पट्टी रंगवली की ऑगस्टपर्यंत मुलाने स्वतःचा आलेख केलेला असतो.

शेतीच्या घरात सुगी आली की अभ्यास पूर्ण बंद ठेवा, दोन-तीन आठवडे. अर्धवट चालवलेला अभ्यास मुलाला आणि तुम्हाला दोघांना चिडवतो. भात मळताना पोती मोजणं, वजन लिहिणं एवढं आपोआप होतं.

थंडीत बाहेर पडा. राजहंसगडावर चढायला, बेळगावच्या किल्ल्यात कमलबस्तीच्या छतावरचं दगडी कमळ मान वर करून बघायला, कणकुंबीला मलप्रभा जिथे उगम पावते तिथे. एका सहलीत एकच गोष्ट बघायची आणि घरी येऊन तिचं चित्र काढायचं.

सोबतीचा प्रश्न बाहेर फिरून सुटत नाही. शाळेची मुलं साडेचारनंतर मोकळी होतात, तेव्हा तुमचं मूल अंगणात असलंच पाहिजे. तो वेळ कशासाठीही घेऊ नका. गणपती मंडळ, भजन, तालीम, जिथे रोज तीच मुलं भेटतात तिथे पाठवा. पाहुणे आले की मुलाची परीक्षा घेतात, "सतरा अधिक आठ किती?" तिथे पालकांनी मध्ये पडावं. "त्याने काय वाचलं ते विचारा" म्हटलं की संभाषण बदलतं आणि मुलाची मान खाली जात नाही.

फाईल

एक जाड फाईल, आठवड्याला एक पान. तारीख, काय केलं, कुठे अडलं, तीन-चार ओळी. महिन्याला लेखनाचा एक नमुना, खोडलेला असला तरी तसाच. महिन्याच्या शेवटच्या रविवारी फोनवर एक मिनिट वाचन रेकॉर्ड करा आणि बरोबर वाचलेले शब्द मोजून पानावर लिहा. पहिलीअखेर चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं समजून वाचता येणं, आणि दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द, हा निपुण भारतचा अंदाज आहे. पहिल्या वर्षी मिनिटाला वीस शब्द आले आणि विचारल्यावर अर्थ सांगता आला तर काळजी करू नका. दिवाळीनंतरही मूल वीस अक्षरं सुटी ओळखत नसेल, किंवा कालचं आज पूर्ण विसरत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. जास्त वेळ बसवणं हा त्यावर उपाय नाही.

मार्चमध्ये फाईल पहिल्या पानापासून वाचा, घरातल्या सगळ्यांनी मिळून. शिकवणारा माणूस थकून गेला असेल, मूल दिवसभर एकटं पडत असेल, तर शाळेचा विचार मोकळेपणाने करा. कर्नाटकातल्या शाळा महाराष्ट्राच्या आधी, मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला उघडतात, म्हणून एप्रिलमध्येच मुख्याध्यापकांना भेटा. जाताना जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड आणि ही फाईल न्या. मुलाला सोबत घ्या, त्याला वर्ग, पाण्याचा नळ आणि संडास दाखवून आणा. घरी शिकलेली मुलं पहिल्या आठवड्यात अभ्यासाला घाबरत नाहीत, "बाहेर जाऊ का?" हे कन्नडमध्ये कसं विचारायचं यावर अडतात. ते एक वाक्य आधीच तोंडात बसवून पाठवा: 'होरगे होगला?'